ड्राफ्ट बिअर यंत्रणा

पिंपातली (केगमधली) बिअर, तिच्यात मुरवलेला कार्बन डायऑक्साइड न गमावता आणि जादा न शोषता, पेल्यापर्यंत पोचवणारी जोडणी. वायूचे सिलिंडर, दाब बांधून देणारा रेग्युलेटर, पिंपाच्या तोंडावर बसणारा कपलर, बिअरची नळी आणि तोटी एवढेच तिचे भाग. पैकी कुठलाही भाग दुर्मीळ नाही. यंत्रणा बिघडते ती बहुधा हिशेब चुकल्याने.

महाराष्ट्रात बराच काळ ड्राफ्ट म्हणजे एकच लागर आणि एकच तोटी असे चित्र होते. पुण्यात 2009 साली कोरिंथियन्स हॉटेलच्या आवारात ‘डूलाली’ ही छोटी ब्रूअरी सुरू झाली. पुढे 2014 च्या सुमारास डोंबिवलीच्या ‘गेटवे ब्रूइंग’ची ‘व्हाइट झेन’ ही गव्हाची बिअर पिंपांतून मुंबईच्या बारमध्ये पोचू लागली. मग एकाच गल्ल्यावर चार प्रकारच्या बिअरच्या तोट्या दिसू लागल्या. मात्र अनेक ठिकाणी त्या सगळ्यांमागे लागरसाठी बांधलेला एकच दाब राहिला. गव्हाची बिअर मिळमिळीत आणि एल प्रकारची बिअर फसफसती लागते, याचे मूळ पुष्कळदा इथे असते. नाव मात्र बिअर बनवणाऱ्याचे खराब होते.

दाब ठरवताना दोन गोष्टी पाहतात : बिअरचे तापमान आणि तिच्यात किती वायू हवा. हा वायू बिअरच्या आकारमानाच्या पटीत मोजतात. लागरमध्ये तो सुमारे अडीच पट, इंग्लिश धाटणीच्या एलमध्ये दोन पट किंवा त्याहून कमी, तर जर्मन धाटणीच्या गव्हाच्या बिअरमध्ये तीन पटीच्या पुढे असतो. शीतखोली 3° से. वर असेल, तर समुद्रसपाटीला लागरला सुमारे 11 पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच), एलला 6 आणि 3.3 पट वायूच्या गव्हाच्या बिअरला जवळजवळ 20 पीएसआय लागतात. तीच एल 10° से. वर ठेवली, तर तिलाही 11 पीएसआय चालतात. म्हणून एलची पिंपे लागरच्या खोलीत आणि लागरच्याच दाबावर ठेवली, की काही दिवसांत त्या जास्तीचा वायू पितात आणि तोटीतून नुसता फेस येऊ लागतो. उपाय सोपा आहे : प्रत्येक पिंपाला स्वतंत्र दुय्यम रेग्युलेटर. खर्च वाचवायला नेमका हाच भाग गाळला जातो.

उंचीचाही हिशेब धरावा लागतो. साधारण 600 मीटर चढले, की रेग्युलेटरचा काटा 1 पीएसआयने वर ठेवतात. पुणे सुमारे 560 मीटरवर आहे, त्यामुळे तिथे 11 चे 12 होतात, महाबळेश्वरला 13. कोकणात रोहे तालुक्यातील खांब, कोलाड यांसारख्या सखल गावांत ही दुरुस्ती लागत नाही. पुण्याच्या तंत्रज्ञाने तिकडचे आकडे जसेच्या तसे खाली आणले, तर दाब थोडा जास्त पडतो.

दाब ठरला, की त्याला तोलेल इतका अडथळा नळीने द्यावा लागतो. पाव इंचापेक्षा बारीक, म्हणजे सुमारे 4.8 मिमी. व्यासाची नळी दर मीटरला 10 पीएसआयच्या आसपास दाब खाते, 6.3 मिमी.ची सुमारे 2.8, उत्पादकागणिक यात फरक पडतो. वरचा चढ दर मीटरला दीड पीएसआय घेतो. तोटी पिंपाच्या मीटरभर वर असेल, तर लागरला बारीक नळी मीटरभर पुरते आणि गव्हाच्या बिअरला जवळपास दोन मीटर लागते. एलला तीच नळी जेमतेम अर्धा मीटर चालेल, म्हणून तिच्यासाठी जाड नळी दीड मीटर घेतात. तोल साधला, की सेकंदाला सुमारे 60 मिलि. धार पडते.

स्टाउट या गडद बिअरचा मामला वेगळा. तिच्यात वायू सव्वा पटीच्या आसपास असतो, पण मलईदार फेसासाठी दाब 30–35 पीएसआय हवा. निव्वळ कार्बन डायऑक्साइडने एवढा दाब दिला, तर स्टाउटचा सोडा होईल. म्हणून 70–75 टक्के नायट्रोजनचे मिश्रण वापरतात. नायट्रोजन ढकलतो, पण फारसा विरघळत नाही. तोटीतल्या बारीक छिद्रांच्या चकतीतून बिअर जोराने सुटते आणि सूक्ष्म बुडबुडे धरते. ही पद्धत गिनेस या स्टाउट बनवणाऱ्या कंपनीत मायकेल ॲश यांनी 1959 साली बसवली.

कोकणात खरी कसोटी थंडाव्याची. मे महिन्यात तोटीच्या खांबातली बिअर काही मिनिटांत तापते आणि पहिला पेला फेसातच जातो. चार-पाच मीटरपर्यंत शीतखोलीतली हवा पंख्याने नळ्यांभोवती खेळवून भागते; अंतर त्याहून जास्त असेल, तर ग्लायकॉलमिश्रित गार पाणी फिरवणाऱ्या नळ्या बिअरच्या नळ्यांना बिलगून बांधतात. वरचे वेष्टन हवाबंद नसले, तर पावसाळ्यातल्या दमट हवेचे पाणी आत साचते आणि बुरशी धरते. गरम झालेले पिंप पुन्हा गार व्हायला वेळ घेते : 10° से.चे पन्नास लिटरी पिंप 3° से.वर यायला साधारण दिवस लागतो. पावसाळ्यात वीज जाणाऱ्या गावात जनरेटर आधी, तोट्यांची संख्या नंतर.

नळ्या दर पंधरवड्याला सुमारे दोन टक्के कॉस्टिकच्या कोमट द्रावणाने किमान 15 मिनिटे धुतात आणि भरपूर पाण्याने खळखळून काढतात. कॅल्शियम ऑक्झलेटचा चिवट थर कॉस्टिकने निघत नाही, त्यासाठी तीन महिन्यांतून एकदा आम्लधुलाई करावी लागते. गाळलेली नसलेली गव्हाची बिअर यीस्ट सोडत जाते, म्हणून तिच्या तोटीकडे जास्त लक्ष देतात.

कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो आणि गळला, तर बंद शीतखोलीच्या तळाशी साचतो. तो दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. सिलिंडर शक्यतो खोलीबाहेर उभे साखळीने बांधतात आणि आत वायूची सूचना देणारे यंत्र जमिनीच्या जवळ बसवतात.