बलूचिकार्डिया बोमाँटाय

मृदुकाय प्राण्यांच्या द्विपुट वर्गातील, कार्डिटिडी कुलातील एक विलुप्त जाती. जुन्या ग्रंथांत ती कार्डिटा बोमाँटाय किंवा व्हेनेरिकार्डिया बोमाँटाय या नावांनी आढळते. सिंध व बलुचिस्तान येथील क्रिटेशस कालखंडाच्या अखेरच्या आणि पॅलिओसीनच्या आरंभीच्या सागरी थरांत तिचे जीवाश्म सापडतात. भारतीय भूविज्ञानात या शिंपल्याचा बोलबाला झाला तो मुख्यतः दक्षिण ट्रॅप या बेसाल्टी लाव्ह्याच्या राशीच्या वयाच्या वादामुळे.

वर्णन : शिंपा जाड, बराच फुगीर व बदामाच्या आकाराचा. शिखरापासून कडेपर्यंत ठळक अरीय कंगोरे असून त्यांवर गाठी असतात. या रूपामुळे तो कॉकल या दुसऱ्या शिंपल्यासारखा वाटतो. परंतु खरे कॉकल कार्डिइडी कुलातले. त्यांच्या बिजागरीत मुख्य दात आखूड व शंकूसारखे, तर पार्श्वदात दोन्ही अंगांना दूरवर असतात. कार्डिटिडी कुलात मुख्य दात लांब व तिरपे असतात. पार्श्वदात खुरटलेले असतात किंवा नसतातच. त्यामुळे खडकात रुतलेल्या, बिजागरी न दिसणाऱ्या नमुन्याचे कूळ नुसत्या कंगोऱ्यांवरून ठरवू नये.

अधिवास : उथळ समुद्राचा तळ.

नामकरण : एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सिंधमध्ये गोळा झालेले जीवाश्म यूरोपात अभ्यासासाठी जाऊ लागले. फ्रेंच पुराजीवविज्ञ व्हायकाउंट दार्शियाक व झ्यूल एम यांनी भारतातील न्युम्युलाइटयुक्त शैलसमूहाच्या जीवाश्मांवर दोन भागांत ग्रंथ लिहिला (१८५३–५४). त्यात कार्डिटा बोमाँटाय ही जाती प्रथम वर्णिली गेली. नावापुढे वर्ष बहुधा १८५४ लावतात. न्युम्युलाइट हे तृतीय कल्पाचे जीवाश्म मानले जात; त्यामुळे ग्रंथाच्या नावाप्रमाणे हा शिंपला तृतीय कल्पातला ठरत होता. पुढे क्रिटेशसचा निर्देशक म्हणून गाजलेल्या जातीची नोंद अशी मुळात तृतीय कल्पात झाली होती, हे पाठ्यपुस्तकांतून सांगितले जात नाही. ते सांगायला हवे.

कार्डिटा हा ब्र्युग्येर यांचा १७९२ मधील वंश त्या काळी फार ऐसपैस मानला जाई. पुढील अभ्यासकांनी ही जाती लामार्क यांच्या व्हेनेरिकार्डिया (१८०१) वंशात नेली. स्विस पुराजीवविज्ञ रोल्फ रुच यांनी १९३६ मध्ये, ही जाती क्रिटेशसपुरतीच मर्यादित आहे काय, हा प्रश्न थेट शीर्षकात ठेवून निबंध लिहिला. उष्णकटिबंधीय अमेरिकेतील तृतीय कल्पाच्या मृदुकाय प्राण्यांच्या अभ्यासातून त्यांना हा प्रश्न पडला होता. १९४३ मध्ये रुच व ह्यूबर्ट शेंक यांनी बलूचिकार्डिया हे नाव बलुचिस्तानवरून योजले व हीच जाती त्याची प्ररूप जाती ठरवली. काही लेखक त्याला व्हेनेरिकार्डियाचा उपवंश मानतात. मेक्सिकोच्या आखातालगतच्या पॅलिओसीन थरांतील काही जातीही या गटात घेतल्या जातात. वंश बदलल्यामुळे मूळ लेखकांची नावे आता कंसात लिहितात.

थरांचे नाव : शिंपल्याची नावे बदलत गेली, तरी थरांचे नाव टिकून राहिले. डब्ल्यू. टी. ब्लॅनफर्ड यांनी १८७० च्या दशकात, सिंध मुंबई इलाख्यात असताना, तेथील लाकी डोंगररांगेचे सर्वेक्षण केले. राणीकोटजवळच्या ऑलिव्ह रंगाच्या शेल व वालुकाश्मांना त्यांनी ‘कार्डिटा बोमाँटाय थर’ म्हटले. या थरांच्या माथ्यावर त्यांना बेसाल्ट आढळला. त्याची जाडी सुमारे ४० ते ९० फूट एवढीच. वरच्या सच्छिद्र लाव्ह्यातील पोकळ्यांत हिरव्या मृदेचे वेष्टन असलेल्या कॅल्सेडनीच्या गाठी होत्या. सह्याद्रीत हिंडणाऱ्याला अशा गाठी परिचयाच्या असतात. ब्लॅनफर्ड यांनी हा बेसाल्ट दक्षिण ट्रॅपचाच मानला. सागरी जीवाश्मांचा थर आणि ट्रॅप एकाच छेदात लाभणे ही मोठीच सोय होती, कारण महाराष्ट्रातील ट्रॅपच्या जाड राशीत सागरी जीवाश्म नाहीत.

फ्रिट्झ नोटलिंग यांनी १८९७ मध्ये बलुचिस्तानातील मारी टेकड्यांतील जीवाश्म क्रिटेशसच्या मास्ट्रिक्टियन काळातले ठरवले. आंरी दूव्हिए यांनी १९२८–२९ मध्ये या थरांवर स्वतंत्र प्रबंध लिहिला. दा. नो. वाडिया यांच्या पाठ्यपुस्तकामुळे हे नाव विद्यार्थ्यांच्या तोंडी बसले. थर डेनियन काळाचे, डेनियन हा क्रिटेशसचा शेवटचा टप्पा, म्हणून ट्रॅपचा आरंभ क्रिटेशसच्या अखेरीस, अशी त्या काळची मांडणी होती. बिरबल साहनी यांनी १९३४ मध्ये आंतरट्रॅपी (ट्रॅपच्या थरांमधील) वनस्पतींच्या पुराव्यावरून उलट बाजू घेतली व ट्रॅप तृतीय कल्पातले असल्याचे प्रतिपादन केले. नागपूर-छिंदवाडा भागातील अवशेष त्यांच्या बाजूचे मोठे बळ होते. पुढे खुद्द डेनियनच तृतीय कल्पातील पॅलिओसीनमध्ये गेले. त्याच्या तळाचा प्रमाण छेद १९९१ मध्ये ट्युनिशियातील एल केफ येथे मान्य झाला. खडक तेच राहिले, त्यांचा कल्प मात्र बदलला. जुने लेखन वाचताना ‘डेनियन’ हा शब्द कोणत्या वर्षी लिहिला आहे, हे आधी पाहावे. ट्रॅपच्या मुख्य उद्रेकांचा काळ आता किरणोत्सर्गी कालमापनाने सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे दोन्ही कल्पांच्या सीमेवरचा ठरला आहे.

राणीकोट परिसरातील थरांना १९५९ पासून खाद्रो शैलसमूह म्हणतात व ते पॅलिओसीनच्या आरंभीचे मानतात. बलुचिस्तानातील जुन्या थरांना व यांना एकाच जातीच्या नावाने जोडल्यामुळे बराच घोळ झाला. थरांसाठी ते नाव आता वापरू नये.

(पहा : डेनियन; दक्षिण ट्रॅप; राणीकोट माला).