बोरिंगचा पाइप आणि मालगुजारी तलाव

गोंदिया जिल्ह्याच्या पाण्याचा इतिहास लिहायला घेतला की लेखणी मालगुजारी तलावांकडे वळते, आणि ते रास्तच आहे. नवेगाव बांधसारखे तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजाचं कसब कुठल्याही अभियंत्यानं मान लववावी असं होतं. पण धान पिकवणारं पाणी वेगळं आणि माणसानं प्यायचं वेगळं. इथल्या जमिनीखाली मुख्यतः ग्रॅनाइट आणि पट्टिताश्माचा कठीण खडक आहे. वरच्या झिजलेल्या थरातल्या विहिरी उन्हाळ्यात तळ गाठतात. त्याखालचं पाणी खडकाच्या भेगांत असतं. तिथवर गावाला पोहोचवलं ते बोरिंगमधल्या जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी पाइपनं, म्हणजे जीआय पाइपनं. या पाइपला जिल्ह्याच्या इतिहासात तलावाशेजारी जागा मिळायला हवी, असं माझं म्हणणं आहे.

वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवून ते गंजापासून वाचवण्याचं पेटंट फ्रान्समध्ये सोरेल यांनी १८३७ साली घेतलं. भारतात या पाइपचे तीन वर्ग ठरले: पातळ 'ए'वर पिवळा पट्टा, मध्यम 'बी'वर निळा, जाड 'सी'वर लाल. १९७०च्या दशकात युनिसेफच्या पुढाकारानं, कोइंबतूरजवळच्या चाचण्यांतून आणि मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडास कारखान्याच्या मदतीनं 'इंडिया मार्क टू' हातपंप घडला. त्यात ३२ मिलिमीटरचा मध्यम वर्गाचा पाइप बसवला, तीन-तीन मीटरचे तुकडे सॉकेटनं जोडून. तीस मीटर खोलीला असे दहा तुकडे लागतात आणि नुसत्या पाइपचंच वजन नव्वद किलोच्या वर जातं. पंपाचा दट्ट्या या पाइपपेक्षा रुंद असल्यामुळे खालचं वॉशर बदलायचं तरी सगळे पाइप वर ओढावे लागतात. त्यासाठी तिकाटणं, अवजारं आणि माणसं घेऊन पथक यावं लागतं. पुढे 'मार्क थ्री'मध्ये पाइप ६५ मिलिमीटरचा केला, तेव्हा दट्ट्या पाइपमधूनच वर काढता येऊ लागला आणि दुरुस्ती गावाच्या आवाक्यात आली. पण तो पाइप महाग आणि जड. दुरुस्ती गावाच्या हातात राहणार की सरकारी पथकाच्या, हे असं पाइपच्या व्यासानं ठरवलं. तंत्राच्या इतिहासात मला याहून बोलका तपशील क्वचितच दिसतो.

यावर पहिला आक्षेप असा की बोरिंग आलं, लोकांची नजर तलावावरून हटली आणि तलाव गाळानं भरले. काळाचा क्रम पाहिला तर हे टिकत नाही. भंडारा जिल्हा, ज्यातून १९९९ मध्ये गोंदिया वेगळा झाला, मध्य प्रदेशात असतानाच १९५०च्या कायद्यानं मालगुजारी, म्हणजे सारावसुलीची जमीनदारी, संपली आणि तलाव सरकारजमा झाले. पाळ आणि पाट राखण्याची गावाची जुनी रीत तिथे तुटली. मालगुजारी जायलाच हवी होती. चूक झाली ती तिच्याबरोबर देखभालीची जबाबदारीही निराधार सोडण्यात. मार्क टू त्यानंतर सुमारे पंचवीस वर्षांनी आला. शिवाय ज्या विहिरींवर दलितांना पाय ठेवू दिला जात नव्हता, त्यांच्या तुलनेत सरकारी खर्चानं खोदलेलं बोरिंग निदान कायद्यानं तरी सगळ्यांचं होतं. ते कोणत्या टोल्यात खोदायचं, यात जुनी सत्ता डोकावलीच, हेही खरं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: जस्त कायमचं टिकत नाही. आटे पाडलेल्या टोकांना मुलामा विरळ होतो, गंज तिथूनच धरतो, आणि एक दिवस पाइप तुटून बोअरमध्ये पडतो. पश्चिम आफ्रिकेतल्या हातपंपांच्या अभ्यासातून दिसलं की पाण्याचा सामू (पीएच) साडेसहाच्या खाली असेल तर जस्त पाइपला वाचवत नाही. पाणी लाल येतं, लोखंडाची चव लागते आणि बायका पुन्हा जुन्या विहिरीकडे वळतात. हा दोष मान्यच करायला हवा. पण तो पाणी न तपासता सगळीकडे एकच पाइप उतरवण्याचा दोष आहे. आम्लधर्मी पाण्यासाठी स्टेनलेस स्टीलचे किंवा प्लॅस्टिकचे पाइप उपलब्ध आहेत.

विदर्भात तलावांवरचे हक्क वाजिब-उल-अर्ज आणि निस्तारपत्रक या गावच्या हक्कनोंदींत नोंदले गेले, म्हणून आज त्यांच्यासाठी भांडता येतं. बोरिंगचीही तशी नोंद ग्रामपंचायतीनं ठेवावी: कोणत्या साली खोदलं, किती खोल, किती पाइप उतरवले, कोणत्या वर्गाचे, सामू किती, कधी बदलले. ज्यांनी हे पाइप उतरवले आणि ओढून काढले ते मेकॅनिक आज म्हातारे होत आहेत. आपल्या गावातल्या मेकॅनिककडून ही माहिती याच वर्षी लिहून घ्या.