चाल कोणाची?

गेल्या महिन्यात आबांच्या वर्षश्राद्धाला बार्शीटाकळीला गेलो होतो. पुण्याहून रात्रीची बस, सकाळी अकोला, तिथून अर्ध्या तासात घर. संध्याकाळी भजनी मंडळ आलं. आबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, पण गावात ओळख 'पेटीवाले मास्तर' हीच. मंडळातल्या निम्म्या अभंगांच्या चाली त्यांच्या. त्यातली एक संथ भैरवी मला लहानपणापासून पाठ आहे.

नेमकी तीच चाल मंडळातल्या पोरांनी घेतली... ऑक्टोपॅडवर! लय दुप्पट, मध्ये कीबोर्डचे तुकडे. माझं डोकंच फिरलं. चहा देता देता एकाला सुनावलंच, "आबांची चाल आहे ती. तिची वाट लावू नका." पोरगं बिचारं गप्प. पण मंडळातले सगळ्यात जुने टाळकरी काका हसले. म्हणाले, "काऊन रे बाबू, तुह्या आबानं तरी जुन्या बुवाची चाल जशीच्या तशी ठेवली होती काय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि गंमत म्हणजे, दहा वर्षांपूर्वी हेच भांडण मी उलट्या बाजूनं भांडलो होतो.

नोव्हेंबर २०१५. मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. सुबोध भावेचा 'कट्यार काळजात घुसली' आला आणि मी आबांना घेऊन अकोल्याला पाहायला गेलो. आबा वसंतराव देशपांड्यांचे भक्त. त्यात वसंतरावांचा जन्म १९२० चा, आमच्याच जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरचा, म्हणजे भक्तीत थोडा अभिमानही. चित्रपटात जितेंद्र अभिषेकींच्या जुन्या चाली होत्या, वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे गायले होते आणि शंकर-एहसान-लॉय यांची नवी गाणीही होती. परतताना आबा एवढंच बोलले, "मूळ ते मूळ." मी तावातावानं म्हणालो, "आबा, तुमचं मूळ म्हणजे तरी काय? एक कॅसेट!" तेव्हा ते रागावले. पण आता थोडा इतिहास चाळल्यावर वाटतं, बोलणं उद्धट असलं तरी मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता.

म्हणजे बघा. १९६७ साली बालगंधर्व गेले आणि त्याच वर्षाच्या शेवटी 'कट्यार' रंगमंचावर आलं. लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर, संगीत अभिषेकीबुवांचं, खाँसाहेब वसंतराव. अभिषेकींनी या चाली वसंतरावांचा गळा डोळ्यासमोर ठेवून बांधल्या आणि वसंतराव त्या रंगमंचावर फुलवत राहिले. चाल हा सांगाडा, बाकी त्या रात्रीचं. कॅसेटमध्ये आलं ते वेळेत बसवलेलं एक रूप. आबांनी नाटक कधीच पाहिलं नव्हतं. त्यांचं 'मूळ' हीसुद्धा एक आवृत्तीच होती.

अजून मागे जाऊ. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये 'शाकुंतल' आणलं तेव्हा चाली कुठून आल्या? कीर्तनातून, लावणीतून, साकी-दिंडीतून, कर्नाटकी पदांतून. १९११ च्या 'मानापमाना'त गोविंदराव टेंब्यांनी उत्तरेकडच्या ठुमरी-दादऱ्यांचा रंग आणला. पुढे बालगंधर्व वन्समोअरला तेच पद पुन्हा गात, पण नव्या जागा घेत. प्रेक्षकांना नेमकं तेच हवं असे. 'मूळ चाल जशीच्या तशी' हा आग्रह मला वाटतं रेकॉर्डनं आणला. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. पद तेवढ्यात कोंबलं, आणि पुढच्या पिढ्यांना तेच प्रमाण वाटू लागलं.

मग काय, कोणीही काहीही करावं? थांबा.

जुन्या संगीत नाटकांची छापील पुस्तकं पाहिली आहेत का? पदाच्या डोक्यावर लिहिलेलं असतं, 'चाल – अमुक'. म्हणजे ही कोणत्या गाण्यावरून घेतली, ते तिथेच कबूल! आमच्या धंद्यात दुसऱ्याचा कोड वापरला की वर नाव टाकतात, तसंच. घेण्याची लाज नव्हती, पण लपवाछपवीही नव्हती.

दुसरी गोष्ट 'कट्यार'नंच शिकवली. 'घेई छंद मकरंद' हे पद नाटकात दोनदा येतं. शब्द तेच, चाली दोन. पंडितजींची धानीत, ठाय. खाँसाहेबांची सालगवराळीत, चपळ. दोन घराणी, दोन स्वभाव, आणि नाटकाचं सगळं भांडण त्या फरकात. इथे सूर थोडे इकडेतिकडे झाले तर बिघडत नाही, पण दोन्हींना एकच चाल लावली तर गोष्टच कोसळेल. चित्रपटानंही दोन्ही ठेवल्या. म्हणजे प्रत्येक रचनेत एखादी भिंत असते जिच्यावर घर उभं असतं. ती कुठली, हे मूळ नीट ऐकल्याशिवाय कळत नाही.

ती भिंत पाडली की काय होतं ते २०२३ मध्ये दिसलं. 'पिप्पा' चित्रपटासाठी ए. आर. रहमाननं काझी नझरुल इस्लाम यांचं तुरुंग फोडायला सांगणारं गाणं पूर्ण नव्या चालीत बांधलं. शंभर वर्षांपूर्वीचं ते गाणं बंगालमध्ये घोषणेसारखं म्हटलं जातं. दोन्ही बंगाल खवळले. घरच्यांपैकी काहींचं म्हणणं होतं की गाणं वापरायला संमती होती, चाल बदलायला नव्हती. शेवटी निर्मात्यांनी माफी मागितली.

उलट टोकही तिथलंच. रवींद्रसंगीताची रेकॉर्ड काढायची तर विश्वभारतीच्या संगीत मंडळाची मान्यता लागायची. देवव्रत विश्वासांसारख्या मोठ्या गायकाचं या मंडळाशी बिनसलं आणि त्यांनी पुढे रेकॉर्डिंगच थांबवलं. २००१ च्या शेवटी स्वामित्वहक्क संपला. नवे प्रयोग आले, काही भयंकरही असतील. टागोर बुडाले नाहीत. राखणदारीनं मात्र एक गायक गप्प केला, तो तोटा कायमचा.

कायदा म्हणतो, रचनाकारानंतर साठ वर्षं. त्या हिशेबानं टेंबे २०१६ पासून मोकळे, अभिषेकीबुवा २०५८ संपेपर्यंत नाहीत. पण भजनी मंडळाच्या ओसरीवर कायदा काय सांगणार? तिथे दोनच गोष्टी चालतील असं मला वाटतं. नाव घ्या, आणि मूळ ऐकायची सोय ठेवा. मग खुशाल बदला. वाईट बदल लोकच विसरतील. पण मूळच उरलं नाही, तर वाईट कुठलं आणि चांगलं कुठलं हे कळणार कसं?

आणि इथेच मी अडकलो. आबांच्या चालींचं मूळ कुठे आहे? वहीत नाही, नोटेशन नाही. माझ्या जुन्या फोनमध्ये त्या भैरवीचं चार मिनिटांचं रेकॉर्डिंग, मागे कुकरच्या शिट्ट्या, बस्स! पोरांनी ती चाल ऐकून-ऐकूनच उचललेली. मी बदलाला शिव्या देत होतो, आणि जपायला स्वतः काहीच केलं नव्हतं.

परवा ते रेकॉर्डिंग पोरांना पाठवलं, 'सॉरी' म्हणून. मग काकांना फोन केला आणि जुन्या बुवांची चाल म्हणायला सांगितली. ऐंशीच्या घरातला आवाज, मध्येच खोकला, पण दोन कडवी पूर्ण म्हणाले. बुवांचं नावही सांगितलं, ते लिहून घेतलं. ऐकताना कळलं, आबांनी चाल निम्म्याहून जास्त बदलली होती. बुवांची बरीच जलद होती... जवळजवळ त्या ऑक्टोपॅडच्या लयीत!

दिवाळीला जाईन तेव्हा काकांकडून उरलेल्या चाली भरून आणायच्या आहेत. पोरांनाही सोबत बसवणार आहे.