टपालखात्याची साक्ष

‘मिरॅकल ऑन थर्टी-फोर्थ स्ट्रीट’ हा नाताळचा सिनेमा अमेरिकेत झळकला १९४७ च्या ऐन उन्हाळ्यात! स्टुडिओप्रमुख झॅनकचा हिशेब सरळ होता : गर्दी उन्हाळ्यातच होते. त्यात एक म्हातारा कोर्टात सांताक्लॉज ठरतो. का, तर टपालखात्याने पोरांची पोतीच्या पोती पत्रं त्याला पोचती केली म्हणून! म्हातारा झालेल्या एडमंड ग्वेनला ऑस्कर मिळालं. आठ वर्षांची नॅटली वुड मात्र त्याला खराच सांता समजे. चित्रीकरणानंतरच्या मेजवानीत तो बिनदाढीचा दिसला, तेव्हा कुठे उलगडा झाला.

तिचं दुःख मी जाणतो. आमच्याकडे गणपतीपुढला मोदक रात्री उंदीरमामा नेई. एकदा मध्यरात्री पाहिलं, तर उंदीरमामाला आजोबांचा चष्मा!

सकाळी धाकटीने विचारलं, ‘‘आला होता?’’

मी शपथेवर सांगितलं, ‘‘आला होता.’’