तिकीट आणि शिक्का

स्नेहमेळाव्यासाठी शाळेच्या इमारतीचा फोटो असलेलं टपाल तिकीट काढावं, अशी सूचना आपल्या व्हॉट्सॲप गटावर आली आणि सगळ्यांनी ती उचलून धरली. चाळीस वर्षं तिकिटं आणि शिक्के जमवत आलो, म्हणून त्यामागचा इतिहास लिहिण्याचं काम संपादक मंडळाने माझ्यावर सोपवलं.

आपल्या फोटोच्या तिकिटाची कल्पना फार जुनी नाही. ऑस्ट्रेलियाच्या टपाल खात्याने 1999 मध्ये ती आणली. आपल्याकडे फेब्रुवारी 2011 मध्ये दिल्लीच्या ‘इंडिपेक्स’ या जागतिक प्रदर्शनात ‘माय स्टॅम्प’ योजना सुरू झाली. पाच रुपयांच्या 12 तिकिटांचा ताव 300 रुपयांना मिळे. यात एक गंमत आहे. खरं तिकीट सरकारने ठरवलेल्या चित्राचंच असतं, आपला फोटो त्याच्या शेजारी छापला जातो. म्हणजे शाळेला टपाल खात्याने आपल्या बाजूला बसवून घेतलं, एवढाच त्याचा अर्थ.

तरीही त्याचं अप्रूप आहेच. सर बार्टल फ्रियर यांनी 1852 मध्ये सिंध प्रांतात ‘सिंध डाक’ तिकीट काढलं, ते आशियातलं पहिलं. 1854 पासून सगळ्या हिंदुस्थानसाठी तिकिटं निघाली. पुढे बराच काळ ती लंडनमध्ये छापून बोटीने येत. नाशिक रोडला 1925 मध्ये छापखाना उभा राहिला आणि तिकिटं घाटापलीकडे छापली जाऊ लागली. आपण शाळेत असताना पाकिटांवर चिकटवलेली तिकिटं कसारा घाट उतरूनच आपल्याकडे यायची.

पण मित्रांनो, तिकीट म्हणजे भरलेल्या पैशांची पावती. पत्र कोणत्या गावाहून, कोणत्या दिवशी निघालं, हे सांगतो तो शिक्का. हे मला नीट उमगलं ते फ्रान्सच्या शिक्क्यांमुळे. आपल्या वर्गातल्या एका मैत्रिणीची मुलगी तुलूझ शहरात शिकते. तिच्या पत्रांवरचे शिक्के वाचता यावेत म्हणून मी जुनी फ्रेंच पाकिटं विकत घेऊन अभ्यास सुरू केला.

फ्रान्समध्ये 1849 साली तिकिटं आली. 1852 पासून प्रत्येक टपाल कार्यालयाला क्रमांक मिळाला आणि तिकिटावर ठिपक्यांच्या चौकटीत तो आकडा उमटू लागला. कोणता आकडा कुठल्या गावाचा, हे यादी पाहूनच कळे. पुढे गोल शिक्के आले. त्यांत वर गावाचं नाव, मध्ये तारीख, खाली जिल्ह्याचं नाव. ते वाचायला फ्रेंच यावं लागत नाही. आता यंत्रावर उमटणाऱ्या शिक्क्यातून मात्र गावाचं नाव गेलं आहे. तिथे टपालाची वर्गवारी करणाऱ्या केंद्राचा सांकेतिक क्रमांक असतो. दीडशे वर्षांनी पुन्हा आकडाच आला!

फ्रान्सहून येणाऱ्या पत्रांतून मुद्दाम गाव पुसलं गेलं, असाही एक काळ होता. सप्टेंबर 1914 मध्ये हिंदी फौज मार्सेय बंदरात उतरली. खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या दोन कंपन्या, ज्यांत मराठी जवानही होते, 28 ऑक्टोबरला न्यव शापेल गावाच्या लढाईत उतरल्या आणि त्यांची मोठी हानी झाली. या फौजेच्या टपालासाठी हिंदुस्थानच्या तिकिटांवर ‘आय.ई.एफ.’ ही अक्षरं छापलेली असत. शिक्क्यात गावाऐवजी फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर. शत्रूला ठिकाण कळू नये हे खरं, पण मुलगा नेमका कुठे आहे, हे घरच्या आईलाही कळत नसे.

आकड्यानेही गाव जपता येतं, हे एका मराठी माणसाने दाखवून दिलं. श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवी आणि टपाल खात्यातले मोठे अधिकारी. त्यांनी आखलेली पिनकोड पद्धत 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाली. त्याच वर्षी फ्रान्सनेही पाच आकडी कोड स्वीकारला. त्याचे पहिले दोन आकडे जिल्हा सांगतात, तुलूझचे 31. आपल्याकडे शहापूर 421601, मुरबाड 421401. पहिला 4 आपला विभाग सांगतो, 421 पर्यंत ठाणे जिल्ह्यात पोचतो आणि शेवटचे तीन आकडे टपाल कार्यालय दाखवतात. शहापूरला आसनगावची रेल्वे आहे, मुरबाडला ती अजून नाही, पण पिनकोडने दोघांना एकाच पंगतीत बसवलं.

आता आपल्याकडेही शिक्का मागे पडतो आहे. रजिस्टर पोस्ट 2025 मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं. काउंटरवर पाकिटाला बहुधा बारकोडची पट्टी लागते. डोळखांब, किन्हवली, धसई, टोकावडे ही नावं शाईत उमटलेली पाकिटं यापुढे थोडीच तयार होणार. म्हणून जुनी आहेत त्यांचं मोल वाढलं आहे. मुंबईला कामाला गेलेल्या वडिलांची पत्रं, शिक्षकांची बदलीनंतरची खुशाली, नोकरीचा पहिला कॉल, हे सगळं आपल्यापैकी अनेकांच्या पत्र्याच्या पेटीत असेल. आपला माणूस त्या दिवशी त्या गावी होता, याचा दुसरा कागदी पुरावा कित्येक घरांत नाही.

तेव्हा दोन विनंत्या. तिकिटासाठी पाकीट कापू नका किंवा भिजवू नका. शिक्का अर्धा तिकिटावर आणि अर्धा कागदावर असतो, दोन्ही वेगळे केले की तो मुका होतो. दुसरी विनंती मेळाव्यानंतरची. शाळेच्या तिकिटाचा ताव हाती आला की त्यातलं एक तिकीट लावून आपल्या एखाद्या गुरुजींना किंवा बाईंना पत्र लिहा आणि ते स्वतःच्या गावच्या पोस्टात नेऊन, शिक्का ठळक मारायला सांगून टाका. जुनी पाकिटं मेळाव्याला आणलीत तर शाळेच्या वाचनालयात दिवसभर मांडून ठेवू. शिक्के वाचायला भिंग घेऊन मी तिथे बसेनच.