बर्फावरची भाऊबंदकी: स्नोमोबिलवाल्यांनी एकमेकांचं काय काय उचललं

 

आजचा एपिसोड माझ्या चिडचिडीतून निघालाय. गेल्या महिन्यात एका श्रोत्याने मला एक लिंक पाठवली. खाली लिहिलं होतं, "दादा, तुमचा गिरणी संपाचा एपिसोड कुणीतरी जसाच्या तसा ढापलाय." मी ऐकला. खरंच की! माझीच सुरुवात, माझाच क्रम, मी घेतलेले पॉजसुद्धा तिथल्या तिथे. आणि कळस म्हणजे माझी चूकही. मुंबईतला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला 18 जानेवारी 1982 ला. मी बोलण्याच्या ओघात 1981 म्हणून गेलो होतो. त्या पठ्ठ्यानेही बिनधास्त 1981 म्हटलं! पाच मिनिटांत मी ते बंद केलं आणि तावातावाने एक पोस्ट लिहायला घेतली.

ती पोस्ट अजून ड्राफ्टमध्येच आहे. कारण त्याच आठवड्यात मी दुसऱ्या एका श्रोत्याच्या प्रश्नाचं उत्तर शोधत होतो. प्रश्न साधा होता: मुंबईच्या काही लोकलना लोक ‘बंबार्डियर’ का म्हणतात? हे नाव शोधत शोधत मी जाऊन पोचलो कॅनडातल्या बर्फात, आणि तिथे मला भेटली एकमेकांची नक्कल करणाऱ्यांची एक अख्खी जत्रा. तर आज ती गोष्ट.

आधी गाडी डोळ्यासमोर आणा. गुलमर्गला गेला असाल तर पाहिली असेल, कदाचित पैसे देऊन एक चक्करही मारली असेल. पुढे दोन स्की, मागे रणगाड्यासारखा पण रबरी पट्टा, एक इंजिन, बाइकसारखं हँडल. तिला म्हणायचं स्नोमोबिल. यातल्या एकेका भागावर इतकी ओढाताण झालीय की विचारू नका.

सुरुवात करू अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या सेनर नावाच्या छोट्या गावातून. तिथे कार्ल एलायसन नावाचा माणूस राहायचा. त्याच्या पायात दोष होता. मित्र बर्फातून शिकारीला निघाले की हा मागे पडायचा. मग 1924 साली त्याने लाकडी घसरगाडीला बोटीचं अडीच हॉर्सपॉवरचं छोटं इंजिन जोडलं, खाली फिरता पट्टा बसवला आणि निघाला मित्रांबरोबर. 1927 मध्ये त्याला पेटंट मिळालं. तेव्हा अमेरिकेत पेटंट मिळाल्यापासून 17 वर्षं टिकायचं. म्हणजे 1944 नंतर ती कल्पना सगळ्यांना मोकळी. हे लक्षात ठेवा.

आता कॅनडा. क्युबेक प्रांतात व्हालकूर नावाचं गाव आहे. तिथला जोसेफ-आर्मां बंबार्डिये, जन्म 1907 चा, लहानपणापासून यंत्रवेडा. 1922 च्या शेवटी, म्हणजे 15 वर्षांचा असताना, त्याने जुन्या फोर्डचं इंजिन घसरगाडीवर बसवलं, मागे विमानासारखा पंखा लावला आणि भावाला सोबत घेऊन गावातून फिरवली. पुढे त्याने गॅरेज टाकलं, पण डोक्यात बर्फावरची गाडी होतीच. हिवाळ्यात तिथले रस्ते बर्फाखाली गायब व्हायचे आणि गावं महिनोन्‌महिने तुटून पडायची.

1934 च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा इव्हॉन आजारी पडला. अपेंडिक्स फुटून पोटात संसर्ग पसरला होता. हॉस्पिटल होतं शेरब्रुकला, 50 किलोमीटरच्या आसपास. अंतर फार नव्हतं हो. पण रस्ता बर्फाखाली, आणि त्या बर्फावर चालेल अशी एकही गाडी बापाच्या गॅरेजमध्ये तयार नव्हती. मूल गेलं.

बर्फावर चालणारी यंत्रं बनवण्याचं वेड ज्याला आहे, त्याच माणसावर ही वेळ आली. पुढच्या वर्षी त्याने चाक आणि पट्टा यांची अशी जोडणी बसवली की गाडी मऊ बर्फात रुतत नव्हती. 1937 मध्ये तिचं पेटंट मिळालं. सात जण बसतील अशी बंद गाडी बाजारात आली, पुढे बारा जणांची. डॉक्टर, टपाल, शाळेची मुलं, आजारी माणसं, सगळे त्यातून जायला लागले.

मग 1940 चं दशक संपता संपता क्युबेक सरकारने खेड्यातल्या रस्त्यांवरचा बर्फ हटवायला सुरुवात केली. लोकांसाठी चांगलंच झालं. बंबार्डियेची विक्री मात्र कोसळली. त्याने इतर यंत्रं काढली आणि जुनं स्वप्न पुन्हा बाहेर काढलं: एक-दोन माणसांची छोटी, हलकी गाडी. तोपर्यंत हलकी इंजिनं मिळू लागली होती आणि त्याच्या मुलाने, जर्मेनने, बिनजोडाचा रबरी पट्टा बनवायची पद्धत शोधली होती. 1959 मध्ये ‘स्की-डू’ आली. पहिली नमुना गाडी गेली ऑन्टॅरियोच्या उत्तरेला आदिवासी वस्तीत काम करणाऱ्या एका पाद्रीबाबांकडे. म्हणजे बघा, बंबार्डियेच्या मनात अजूनही गरजेची गाडीच होती. पहिल्या हंगामात 225 विकल्या गेल्या.

पण त्याच्या आधी, तिकडे सीमेपलीकडे दुसरंच काही चाललं होतं.

मिनेसोटा राज्य, कॅनडाच्या सीमेला चिकटलेलं रोझो गाव. तिथे एडगर हेटीन, त्याचा भाऊ अ‍ॅलन आणि मित्र डेव्हिड जॉन्सन मिळून शेतीची अवजारं बनवायचे. कंपनीचं नाव पोलारिस, म्हणजे ध्रुवतारा. 1955-56 च्या हिवाळ्यात एडगर गावाबाहेर असताना जॉन्सनने कारखान्यात एक जुगाड केला. धान्य वर चढवायच्या यंत्राचा पट्टा घेतला, शेवरोले मोटारीच्या बंपरच्या स्की केल्या, एक छोटं इंजिन बसवलं. एडगर परतला तर हे! तो काही खूश झाला नाही. अवजारांचे पैसे थकलेत आणि हे लोक खेळत बसलेत! पण पगार द्यायचे होते, म्हणून ती गाडी गावातल्या लाकूड वखारवाल्याला 465 डॉलरना विकली. वखारवाल्याकडची पाहून दुसऱ्याने मागितली. धंदा असा सुरू झाला.

ज्याला ती गाडी आवडली नव्हती, तोच एडगर पुढे तिच्यासाठी वेडा झाला. मार्च 1960 मध्ये तो तिघांना घेऊन, तीन गाड्यांवरून अलास्कात हजार मैलांहून जास्त फिरला. या गाडीवर भरवसा ठेवता येतो हे त्याला जगाला दाखवायचं होतं. परत आला तर आपल्याच माणसांना ही उधळपट्टी वाटली. वाद झाला आणि त्याने स्वतःच उभी केलेली कंपनी सोडली. पोलारिस भाऊ अ‍ॅलनकडे गेली. एडगरने काय केलं? शंभरेक किलोमीटरवरच्या गावात नवी कंपनी काढली, तीच ‘आर्क्टिक कॅट’. त्या गावाचं नाव ऐका: थीफ रिव्हर फॉल्स. थीफ म्हणजे चोर. आता दोन भाऊ, दोन गावं, दोन कारखाने आणि बर्फ एकच. आपल्याकडे याला भाऊबंदकी म्हणतात. फक्त इथे बांधावरून भांडण नव्हतं, गिऱ्हाइकावरून होतं.

मग नक्कल कुणी कुणाची केली? सगळ्यांनी सगळ्यांची. पोलारिसच्या सुरुवातीच्या गाड्यांचं इंजिन मागे, ती जड आणि कामाची गाडी. स्की-डूचं इंजिन पुढे, हलकी आणि चपळ. लोकांना चपळ आवडायला लागली. एडगरने नव्या कंपनीत इंजिन पुढे आणलं. मग पोलारिसनेही 1964 मध्ये पुढे इंजिनवाली ‘कॉमेट’ काढली. ती सपशेल आपटली. इंजिन पुढे नेलं म्हणजे गाडी स्की-डूसारखी चालते असं नाही ना. वजन कुठे पडतं, पट्टा किती रुंद, स्कीवर भार किती, हे सगळं नव्याने जमवावं लागतं. ते शिकून पुढच्या वर्षी त्यांनी ‘मस्टँग’ काढली आणि ती चालली.

मला वाटतं या अख्ख्या इतिहासाची किल्ली त्या दोन गाड्यांमध्ये आहे. कॉमेट ही पाहून केलेली, मस्टँग ही समजून केलेली. बाहेरून दोन्ही ‘त्यांच्यासारख्याच’.

बंबार्डिये 18 फेब्रुवारी 1964 ला कर्करोगाने गेला, वय 56. त्याच्यामागे स्नोमोबिलची लाट आली ती बघायला तो नव्हता. 1970-71 च्या हंगामात उत्तर अमेरिकेत पाच लाखांच्या आसपास गाड्या विकल्या गेल्या आणि बनवणारे शंभराच्या वर! ट्रॅक्टरवाली जॉन डिअर आली, बोटींची इंजिनं बनवणारे आले, जपानची यामाहा आली, अहो, हार्ली-डेव्हिडसनचीसुद्धा स्नोमोबिल होती. कारण सरळ होतं. ज्या दुकानात उन्हाळ्यात बोट किंवा बाइक विकली जायची, ते हिवाळ्यात ओस पडायचं. आणि बनवायला लागतंय काय? अनेकांनी तयार इंजिन विकत आणलं, तयार क्लच आणला, पट्टा आणला, वर आपल्या रंगाचा फायबरचा कव्हर बसवला की झाली कंपनी.

मग 1973 चा तेलाचा भडका, मंदी, त्यात काही हिवाळ्यांत बर्फच कमी. दहा-बारा वर्षांत विक्री लाखाच्या खाली आली. शंभरातले उरले चार: स्की-डू, पोलारिस, आर्क्टिक कॅट आणि यामाहा. आर्क्टिक कॅट तर 1981 मध्ये दिवाळखोरीत जाऊन बंद पडली होती. जुन्याच लोकांनी पुढे येऊन 1983 मध्ये ती पुन्हा उभी केली. पोलारिसही 1981 मध्ये तिच्याच व्यवस्थापकांनी मोठ्या मालकाकडून विकत घेऊन वाचवली. टिकले त्यांच्याकडे दोन गोष्टी होत्या: गाडी का चालते हे माहीत असलेली माणसं, आणि ती बंद पडली तर ज्यांचं गाव बंद पडेल अशी माणसं.

म्हणजे नक्कल चांगली, असं मी म्हणतोय का? थांबा. 2003 च्या मॉडेलमध्ये स्की-डूने चालकाला पुढे सरकवलं, मोटोक्रॉस बाइकसारखं उभट बसवलं. लोकांना ते इतकं आवडलं की बाकीच्यांच्या गाड्यांवरही चालक पुढे सरकू लागला. स्की-डूवाल्यांनी कॅनडात आर्क्टिक कॅटवर पेटंटचा दावा लावला. 2017 मध्ये ते हरले, 2018 मध्ये अपिलात चित्र फिरलं, आणि 2020 मध्ये कोर्टाने भरपाई ठरवली: गाडीमागे 135 डॉलर, वीस हजारांहून जास्त गाड्यांवर. म्हणजे कायदाही रेघ ओढतो. बसायची कल्पना किती जुनी हा वाद वेगळा, पण ती ज्या सांगाड्यामुळे शक्य झाली, त्यावर कुणीतरी वर्षानुवर्षं डोकं झिजवलेलं असतं. त्याची किंमत द्यावी लागते. एलायसनच्या पेटंटसारखी मुदत संपली की मग ते सगळ्यांचं.

आता राहिलं लोकलचं उत्तर. त्या धामधुमीत मोटो-स्की नावाची क्युबेकचीच एक प्रतिस्पर्धी कंपनी होती, ला पोकातिएर गावातली. 1971 मध्ये बंबार्डियर कंपनीने तिला विकत घेतलं. लवकरच स्नोमोबिलचा बाजार बसला, कारखाना रिकामा. काय करायचं? 1974 मध्ये कंपनीने मॉन्ट्रियल मेट्रोचे डबे बनवायचं कंत्राट घेतलं आणि ते डबे बनले त्याच प्रतिस्पर्ध्याच्या कारखान्यात. तिथून बंबार्डियर रेल्वेवाली झाली. गुजरातेत सावलीला कारखाना आला, दिल्ली मेट्रोचे डबे बनले, आणि मुंबईच्या लोकलमध्ये तिची विजेची यंत्रणा बसली. स्की-डूचा धंदा 2003 मध्ये वेगळा झाला, रेल्वेचा 2021 मध्ये अल्स्टॉमकडे गेला. तुमच्या तोंडी नाव मात्र राहिलं. पुढच्या वेळी दारात लटकताना आठवा: हे एका बापाचं आडनाव आहे, ज्याच्या मुलाला वेळेत हॉस्पिटल मिळालं नव्हतं.

आणि माझा चोर? हे सगळं वाचल्यावर मी त्याचा एपिसोड पुन्हा लावला, यावेळी शेवटपर्यंत. पहिला अर्धा भाग माझाच, चुकीसकट. पण नंतर त्याने आपल्या आजीला माइकसमोर बसवलं होतं. आजोबांची गिरणी बंद पडल्यावर तिने खानावळ कशी चालवली, किती डबे, कोण उधारी बुडवायचं, सगळं ती सांगत होती. ते माझ्याकडे नव्हतं. माझ्याकडे तारखा होत्या, आणि त्यातलीही एक चुकीची.

मी त्याला मेसेज केलाय. पहिल्या भागाचं श्रेय दे, ते माझं आहे. साल दुरुस्त कर, मीही माझं करतोय. आणि आजींना माझा नमस्कार सांग. अजून उत्तर आलेलं नाही. आलं तर सांगेनच.