‘कार्पेंटर’चे मधले अक्षर

एडमंड स्पेन्सर आणि गेब्रिएल हार्वे यांचा पत्रव्यवहार १५८० साली प्रसिद्ध झाला. त्यातील एक वाद ‘कार्पेंटर’ या शब्दातील मधल्या अक्षराविषयीचा आहे. इंग्रजी कविता लॅटिनप्रमाणे लघु-गुरूंच्या वृत्तांत बांधावयाची, तर जोडव्यंजनापूर्वीचे हे अक्षर गुरू ठरते. बोलण्यात मात्र ते आखूड, आघातहीन असते. सरावाने कान वळेल, असे स्पेन्सरला वाटत होते. लोकांचा उच्चार वृत्तासाठी मोडण्यास हार्वेने नकार दिला.

पुढे १६०२ मध्ये टॉमस कॅम्पियनने लघु-गुरूंची बाजू पुन्हा मांडली, तिला सॅम्युएल डॅनिएलने लगेच उत्तर दिले, आणि इंग्रजी छंद आघातावरच स्थिरावला. अक्षरविभागणीचा प्रश्न कवींकडून शुद्धलेखनाच्या शिक्षकांकडे गेला. १७८३ च्या आपल्या पुस्तकात नोआ वेब्स्टरने ‘हॅ-बिट’ऐवजी ‘हॅब-इट’ अशी फोड केली आणि शब्दान्तीचे ‘शन’ हे एकच अक्षर मानले. लॅटिन वळणाच्या फोडीपेक्षा त्याने उच्चार प्रमाण धरला. हार्वेचीच भूमिका येथे पाठ्यपुस्तकात उतरली, असे म्हणता येईल.

मात्र लघु-गुरुत्व इंग्रजीतून हद्दपार झाले, हा निष्कर्ष घाईचा ठरला. चॉम्स्की आणि हॅले यांनी १९६८ मध्ये दाखविले, की अन्त्य स्वर ऱ्हस्व असलेल्या नामांत आघात बहुधा उपान्त्य स्थानाच्या वजनावर ठरतो. ‘अजेंडा’त ते जोडव्यंजनामुळे, ‘अरोमा’त दीर्घ स्वरामुळे गुरू आहे, म्हणून आघात तेथेच पडतो, ‘अमेरिका’त ते लघु आहे, म्हणून आघात एक अक्षर मागे सरकतो. हा नियम मूळचा लॅटिनचाच. त्यांच्या मांडणीत ‘अक्षर’ ही स्वतंत्र संकल्पना नव्हती. ती १९७६ मध्ये डॅनिएल कानच्या प्रबंधाने पुन्हा प्रतिष्ठित केली. लघु-गुरूंच्या गणांवर वाढलेल्या मराठी वाचकाला या विवेचनात ओळखीचे काही आढळेल.

तेव्हा एलिझाबेथकालीन प्रयोगाला केवळ पंडिती हट्ट म्हणणे न्याय्य नाही. लघु-गुरुत्व इंग्रजीत होतेच. त्या मंडळींनी ते ओळीच्या बांधणीत शोधले, आणि ते शब्दाच्या आत आघाताचे स्थान ठरवीत होते. परंतु हार्वेचा कानही खोटा नव्हता. ‘पेन्’ हे उपान्त्य अक्षर गुरू असूनही ‘कार्पेंटर’चा आघात पहिल्या अक्षरावरच राहतो. चार शतकांपूर्वी वादाला निमित्त झालेला हा शब्द नव्या नियमाकडूनही अपवादाचीच जागा मागतो. छंदाचा इतिहास लिहिताना नियम आणि कान यांपैकी एकालाच विजयी ठरविणे म्हणून धोक्याचे आहे.